साळूबाईचं वाण आणि एकाच वाटेची वसाहत

एका जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची, आणि तिनं काही वर्षांपूर्वी वाटजाईला एक नवस बोलला होता.

मांडी घालून बसा बाळांनो. नवसाची गोष्ट आहे, मध्येच उठायचं नाही.

साळूबाईचा धाकटा, बारक्या, तान्हा होता तेव्हा तापानं फणफणला. अंगावरचे काटेसुद्धा मऊ पडले त्याचे. वैद्य राहायचे तळ्यापलीकडे. साळूबाई त्याला घेऊन निघाली, तर एका वाटेवर झाड आडवं पडलेलं. दुसऱ्या वाटेवर ओढ्याला पूर. तिसरी वाट मात्र मोकळी होती, आणि त्या वाटेनं तिची सई कासवाक्का वैद्यांना घेऊन समोरून येत होती. सई म्हणजे जिवाची मैत्रीण. कासवाक्का निघाली होती वेगळ्याच कामाला आणि निघाली होती केव्हाची, पण आयुष्यात एकदा वेळेवर पोचली ती अशी.

बारक्या वाचला. साळूबाईनं हात जोडले.

"वाटजाई माते, तू तिसरी वाट उघडी ठेवलीस. मी दर श्रावणात, शेवटच्या शुक्रवारी, माझ्या सईला वाण देईन. माझ्या लेकराला सांभाळ."

वाटजाईच्या नवसाला चार रीती होत्या. वाण सईच्या उंबरठ्याच्या आत जाऊन तिच्या ओटीत घालायचं, आणि तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. गेल्या वाटेनं परत यायचं नाही, कारण देवी एका वाटेवर जाताना भेटते आणि दुसरीवर येताना. सईला पाठ दाखवून निघायचं नाही. तिच्याकडे तोंड करून, हात जोडून, ती दिसेनाशी होईपर्यंत पावलं मागं टाकत जायचं. आणि दिवेलागणीला आपल्या दारात आपल्या हातानं पणती लावायची.

नाही जमलं तर काय होतं, हे साळूबाईनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती नुसती बारक्याकडे बघायची आणि जमवायची.

दोघी सया राहायच्या त्या जुन्या वाडीत जमवायला काही लागायचंही नाही. तिथल्या वाटा कुणी आखल्या नव्हत्या. हरणं पाण्याला गेली, तिथं वाट पडली. ससे चरायला गेले, तिथं वाट पडली. दोन माकडं भांडली, एक पळालं, दुसरं मागं धावलं, तिथंही वाट पडली. प्रत्येक वाट पुढं जाऊन दुसरीला मिळायची. चुकलात तरी कुणाच्या तरी अंगणात निघायचात आणि तिथं "आलाच आहात तर बसा" म्हणून पाट मिळायचा.

साळूबाई वाण देऊन उलट पावलांनी निघाली, की मात्र अख्खी वाडी अंग चोरून उभी राहायची.

"आली! पाठीकडून आली!" माकडं झाडावरून ओरडायची. "पिल्लं आत घ्या!"

काटेच तसे होते. एकदा एका कोल्ह्यानं बाजूला व्हायला उशीर केला. त्यानंतर आठवडाभर तो उभ्यानं जेवला.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग जंगलाचे राजे, सिंहमहाराज, शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले आणि परत आले ते रुसूनच. दोन दिवस जेवले नाहीत. प्रजेला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सभा भरवली.

"त्यांचं जंगल केवढं पसरलंय!" महाराज म्हणाले. "एका टोकाला गेलं की दुसऱ्या टोकाचं आठवत नाही. आणि आपलं? उभं राहून शिंकलं तर संपतं. पसरवा!"

पसरवण्याचं काम गरुडसाहेबांकडे गेलं. गरुडसाहेब फार हुशार. त्यांनी अख्खं जंगल वरून पाहिलेलं होतं. खाली मात्र ते कधी चालले नव्हते. उतरायचे ते जेवण उचलण्यापुरते. त्यांनी नखानं मातीत आराखडा काढला. मोठा सुंदर आराखडा. मध्ये एक जाड खोड, म्हणजे राजमार्ग. त्याला फांद्या, म्हणजे रस्ते. फांद्यांना डहाळ्या, म्हणजे गल्ल्या. आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला एक पान, म्हणजे घर. पानाच्या पुढं काही नाही.

"वा!" महाराज म्हणाले. "झाडच की हुबेहूब!"

"पण साहेब," एका म्हाताऱ्या मुंगीनं विचारलं, "या पानावरून शेजारच्या पानावर जायचं झालं तर?"

"उडायचं."

"पंख नसले तर?"

"मग खोडापर्यंत यायचं आणि दुसऱ्या फांदीनं जायचं. तब्येतीला चांगलं असतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीनंही वाजवल्या, तिच्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

अशी जुन्या वाडीच्या चहूबाजूंनी नवी वसाहत उभी राहिली. तिचं नाव 'जांभूळवन विहार'. पाटी जांभळाच्या लाकडाची होती. तेवढंच जांभूळ उरलं होतं. प्रत्येक फांदीच्या तोंडाशी एक गेट आलं, आणि वाडीच्या बाजूनं बोरीबाभळीचं दाट कुंपण, म्हणजे वाडीतल्या लोकांनी उगाच आपलं 'कसं काय' विचारायला येऊ नये.

कासवाक्काच्या मुलाला, कमलाकरला, तिथं घर हवंच होतं.

"आई, आपलं स्वतःचं घर नको का?"

"अरे, मग माझ्या पाठीवर काय आहे?"

"ते जुनं झालं, आई. त्याला गॅलरी नाही."

आता बाळांनो, पोटच्या पोरापुढं कोण बोलणार? कासवाक्का पाठीवरचं घर घेऊन नव्या घरात राहायला गेली. आणि गंमत बघा, ते घर नेमकं साळूबाईच्या मागच्या अंगणाला लागून आलं. मध्ये फक्त कुंपण.

"बरं झालं ग बाई," साळूबाई म्हणाली. "पाठीला पाठ लागली. आता तर आणखी जवळ."

पहिल्याच आठवड्यात तिला कळलं किती जवळ ते. कासवाक्कानं फोडणी दिली की साळूबाईला ठसका लागायचा. साळूबाई बारक्यावर ओरडली की कासवाक्का पलीकडून "असू दे ग, लहान आहे" म्हणायची. भेट मात्र नाही. भेटायला कासवाक्का दसऱ्याला एकदा घरातून निघाली होती. सोनं घेऊन. संक्रांतीला ती गेटपर्यंत पोचली. रखवालदारानं सांगितलं, बाहेर जायचा पास दसऱ्याचा आहे, आता चालणार नाही. ती परत फिरली आणि होळीला घरी आली.

पुढं श्रावण आला. श्रावणातला शेवटचा शुक्रवार आला.

साळूबाईनं पहाटेच अंघोळ केली, वाणाचं ताट भरलं. भिजवलेले हरभरे, गुळाचा खडा, विड्याचं पान, आणि कासवाक्काला आवडतात म्हणून शेवाळाच्या वड्या. तिचे यजमान साळोजी ओसरीवर बसून दात कोरत होते.

"अगं, कुंपणावरून फेक की."

"वाण काय फेकतात? काही देवाधर्माचं ठेवा जरा."

"मग तिला ओटी पसरून उभं राहायला सांग. माझा नेम चांगला आहे."

"तुम्ही आमटीकडे बघा," साळूबाई म्हणाली. "आणि बारक्याकडे. मी दिवेलागणीच्या आत येते."

ती निघाली. वाडीतून बाहेर, बाहेरून राजमार्गावर. राजमार्गावरून गवे सुसाट धावत होते. पलीकडे जायला जागाच नव्हती, कारण गरुडसाहेबांच्या मते कुणी पलीकडे का जाईल? ताट डोक्यावर धरून ती एका दमलेल्या गव्याच्या आडोशानं कशीबशी पार झाली. मग पहिली फांदी. चुकीची. परत खोडापर्यंत. दुसरी फांदी, डहाळी, पुढं भिंत. परत खोडापर्यंत. सगळ्या डहाळ्या दिसायला सारख्या, आणि विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन चढलं, घसा कोरडा पडला. पण ती हसतमुख होती. वाटजाई भेटली की वाट सापडते, असा तिचा भाबडा विश्वास होता, आणि शेवटी सापडलीही.

गेटावर रखवालदार होता तरस.

"कुणाकडे?"

"कासवाक्काकडे. वाण द्यायचंय."

"पार्सल?"

"वाण रे बाबा. व्रताचं."

तरसानं रीतीप्रमाणे आतल्या दिशेला तोंड करून विचारणा केली, म्हणजे हुऽऽ करून ओरडला. "कासवाक्काऽ! पाहुणा सोडू का?"

आता कासवाक्कानं दारात येऊन हो म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियम. कासवाक्का माजघरात होती. माजघरातून दारात यायला तिला जो वेळ लागला, त्यात तरसाचं जेवण झालं, डुलकी झाली आणि जाग आल्यावर त्यानं साळूबाईला पुन्हा विचारलं, "कुणाकडे?"

शेवटी साळूबाई उंबरठ्याच्या आत पोचली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं वाण ओटीत घातलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि वर्षाचं सगळं बोलणं दोघींच्या तोंडून एकदमच बाहेर पडलं. मग साळूबाई घटाघटा पाणी प्यायली.

"किती वाळलीस ग," कासवाक्का म्हणाली.

"तुझ्याकडे येऊन वाळले," साळूबाई म्हणाली, आणि दोघी खुदुखुदु हसल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा दोघी मागच्या परसात, कुंपणाजवळ बसल्या होत्या. साळूबाई हात जोडून उभी राहिली आणि तशीच थांबली.

"काय झालं?"

"सई, तुझ्या घरातून दुसरी वाट कुठली आहे ग?"

कासवाक्कानं विचार केला. सावकाश केला, पण नीट केला. "दुसरी नाही. एकच आहे."

"मग मी परत कशी जाऊ? गेल्या वाटेनं जायचं नाही ना."

कुंपणापलीकडून साळोजींचा आवाज आला. "अगं, मीठ कुठंय?"

"हळदीच्या डब्यामागे!"

"आणि तू कुठंयस?"

"मिठापासून दहा पावलांवर! पण येता येत नाहीये!"

बारक्या पलीकडे रडायला लागला. दिवेलागण होत आली होती. या वर्षापर्यंत पणती कधी चुकली नव्हती. तिनं हात जोडले ते जोडलेच.

तोवर तरस आला. "भेटीची वेळ संपली. चला."

"चलते की. तू फक्त दुसरी वाट दाखव."

"आलात तशाच जा."

"तसं जाता येत नाही, भाऊ. नवस आहे."

तरसाच्या नोकरीत पाहुण्यांना आत न सोडण्याचे पुष्कळ नियम होते. पाहुणा बाहेर जातच नसेल तर काय करायचं, याचा एकही नव्हता. त्यानं वसाहतीच्या अध्यक्षांना बोलावलं.

अध्यक्ष होते वराहपंत नावाचे रानडुक्कर. पूर्वी ते जुन्या वाडीतच होते. तिथल्या पाणवठ्याच्या चिखलात त्यांची ठरलेली जागा होती. वसाहतीत आल्यापासून मात्र ते स्वच्छ असत आणि चिडलेले असत. 'येथे चिखल करण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी त्यांनीच लावली होती आणि रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहून ते एक उसासा टाकत.

"बाई, हा काय प्रकार आहे?" वराहपंत गरजले. "आमच्याकडे मुक्कामाला परवानगी लागते!"

"मला कुठं राहायचंय? माझं पोर पलीकडे रडतंय. वाट द्या, निघाले."

"वाट आहे ना! एक आहे!"

"एकीला वाट म्हणत नाहीत हो, वराहपंत," साळूबाई हळुवारपणे म्हणाली. "जाऊन तसंच परत यायचं, त्याला खुंट्याला बांधलेलं म्हणतात."

वराहपंतांनी वर पाहिलं. तेवढ्यात गरुडसाहेब वरून चालले होते, त्यांना खाली बोलावलं. ते एका खांबावर बसले. जमिनीवर नाही.

"अडचण काय आहे? हे यांचं घर. हे त्यांचं घर. किती जवळ! मी वरून मोजलंय. अर्धी झेपसुद्धा नाही."

"झेप कुणाची, साहेब?"

"कुणाची म्हणजे? झेप ती झेप." त्यांनी साळूबाईकडे नीट पाहिलं. तिला पंख नाहीत, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. "अच्छा. मग अर्ज करा. पुढच्या आराखड्यात एक फांदी काढू. तोवर यांना इथं राहू द्या."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" कासवाक्कानं विचारलं.

"तुम्ही नका काळजी करू. तुमचं आयुष्य मोठं असतं."

आणि साहेब उडाले.

सूर्य बोरीच्या शेंड्याला टेकला. पलीकडे बारक्याचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं, आणि आमटी लागल्याचा वास येत होता. साळूबाईनं डोळे मिटले.

"माते वाटजाई, मी कधी काही वाकडं केलं नाही. तू तेव्हा तिसरी वाट दिलीस. आता मला निदान दुसरी दे."

मग तिनं डोळे उघडले, आणि एखादी पाहुणी निघते तशी निघाली. दुसरं काय करणार? निघायची रीत तिला एकच माहीत होती. सईकडे तोंड, हात जोडलेले, पावलं मागं. गेटाकडे पाठ करून नाही, कारण ती वाट बंद होती. तिनं पाठ केली ती आपल्या घराकडे.

"येते हं, सई."

एक पाऊल मागं. दुसरं पाऊल मागं.

"बाई, मागं कुंपण आहे!" वराहपंत ओरडले.

"मला दिसत नाही हो," साळूबाई म्हणाली. "सईला पाठ नाही दाखवता येत ना."

तिसरं पाऊल मागं. आणि बाळांनो, बोरीबाभळीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्यापेक्षा जास्त काटे भेटले. कडाकड आवाज झाला. फांद्या मोडल्या, पानं उडाली, एक सरडा जीव घेऊन पळाला. साळूबाई हात जोडून, हसतमुखानं, कासवाक्काकडे बघत बघत कुंपणात शिरली आणि पलीकडे आपल्या अंगणात निघाली. मध्ये राहिलं एक गोल, स्वच्छ भोक. त्यातून कासवाक्का अजून दिसत होती. म्हणून साळूबाई आणखी चार पावलं मागं गेली आणि अंगणात उतरवून ठेवलेल्या आमटीच्या पातेल्यावर बसली.

"आली! पाठीकडून आली!" माकडांनी कितीतरी दिवसांनी आरोळी ठोकली.

पणती लागली. बारक्या गप्प झाला. आमटी गेली, पण ती तशीही गेलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी वसाहतीची तातडीची सभा भरली. भोक बुजवायचं, असं एकमतानं ठरलं. बुजवायच्या आधी पाहणी करायला अध्यक्ष एकटेच गेले. का एकटे, ते विचारू नका. भोकातून वाडीतला पाणवठा दिसत होता. चिखल अगदी पूर्वीसारखा मऊ, त्यांच्या मापाचा खळगासुद्धा तसाच. वराहपंतांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि डोकं घातलं. मग खांदे घातले. मग अडकले.

अर्धे वराहपंत वसाहतीत आणि अर्धे वाडीत. ठराव मांडायचं तोंड एकीकडे आणि सही करायचे पाय दुसरीकडे.

"पंत, पाहणी झाली का?" तरसानं मागून विचारलं.

"चालू आहे!" वराहपंत पुढून ओरडले.

शेवटी त्यांनी सगळा जोर लावला आणि निघाले ते थेट चिखलात. असा अध्यक्षांनी जातीनं रस्ता रुंद केला. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यानं हरणं गेली, चौथ्या दिवशी सशांची पोरं, आणि पुढच्या आठवड्यात तिथं एका माकडानं भाजक्या शेंगांचं दुकान टाकलं. मग पाटी लागली: 'वराहपंत मार्ग. मा. अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून.' गरुडसाहेबांनीही आराखड्यात तो दाखवला, 'प्रस्तावित' म्हणून.

कासवाक्का आता सकाळी निघून दुपारी साळूबाईकडे येते. तिच्या मानानं हे म्हणजे उडणंच झालं. बारक्या भोकातून येरझाऱ्या घालतो. साळोजी म्हणतात, भोक पडल्यापासून आमटीला दोन घरांची फोडणी असते.

आणि सिंहमहाराज? त्यांनी रस्त्याची कीर्ती ऐकली आणि खूष झाले. म्हणाले, "आणखी पसरवा!" लगेच वसाहतीच्या पलीकडे दुसरी वसाहत उठली. नवी फांदी, नवी गेटं, नवं कुंपण. जाहिरात मोठी होती: 'भोकापासून हाकेच्या अंतरावर!' फक्त त्या भोकाकडे यायला तिथून वाट नव्हती.

साळूबाई ते नवं कुंपण बघायला गेली. पलीकडून कुणीतरी जात्यावर दळताना गुणगुणत होतं, बाईचा आवाज होता.

"सई, कोण राहायला आलं असेल ग तिकडे?" परत येऊन तिनं कासवाक्काला विचारलं.

"काय माहीत. का?"

"नाही," साळूबाई म्हणाली, आणि पदर खोचला. "सई एकच असावी असं व्रतात कुठं म्हटलंय? जरा हरभरे भिजत घालते."

तात्पर्य: मुलांनो, नेहमी समोर बघून चालावं, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. चुकीचं आहे. समोर बघून चालणाऱ्याला कुंपण दिसतं, मग तो खोडापर्यंत मुकाट्यानं परत जातो आणि दिवेलागण हुकते. तुमच्याही घरामागे एखादं कुंपण असेलच, आणि पलीकडे कुणीतरी फोडणी देत असेलच. तर या श्रावणात एवढं करा. काहीतरी गोडाधोडाचं वाटीत घ्या, लांबच्या वाटेनं त्यांच्या दारी जा, उंबरठ्याच्या आत जाऊन द्या. आणि निघताना हात जोडून, त्यांच्याकडे बघत, सरळ आपल्या घराच्या दिशेनं मागं मागं या. कुणी ओरडलं तर म्हणावं, नवस आहे.